ध्वनिक्षेपक पेटी, लघु

साधारण चार ते पंधरा लिटर आतील आकारमानाची, घरात गाणे ऐकण्यासाठी बांधलेली स्पीकरची पेटी. बाजारात तिला बॉक्स म्हणतात, घरात डबा. स्पीकरचा शंकू पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. या दोन लहरी एकमेकींत मिसळल्या की खालचे सूर जवळजवळ नाहीसे होतात. मागची लहर अडवणे हे पेटीचे पहिले काम. ठाण्याच्या कारखान्यातून निघालेल्या मर्फीसारख्या व्हॉल्व्ह रेडिओंची लाकडी पेटी मागून बंद नसे, भोकाभोकांचा पुठ्ठा तेवढा लावलेला असे. त्यातून जो खर्ज मिळे तो पेटीच्या रुंदी-खोलीमुळे. म्हणून ते रेडिओ मोठे असत.

छोट्या पेटीचा इतिहास १९५४ मध्ये खऱ्या अर्थाने सुरू होतो. त्या वर्षी अमेरिकेत एडगर विल्चर यांनी ‘एआर-१’ ही पूर्ण हवाबंद पेटी आणली. शंकूला मूळ जागी खेचण्याचे काम त्यांनी ताठ कापडी आधाराऐवजी पेटीत कोंडलेल्या हवेवर सोपवले. नळीच्या पेटीचे, म्हणजे बास रिफ्लेक्सचे, पेटंट अल्बर्ट थुरास यांना त्याआधीच, १९३२ मध्ये मिळाले होते. पण नळी किती लांब ठेवायची हे पुढे कितीतरी वर्षे अंदाजाने ठरे. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील (१९६१) आणि रिचर्ड स्मॉल (१९७० नंतरची वर्षे) यांनी ते गणितात बसवले. आज कोणत्याही बऱ्या स्पीकरबरोबर मिळणारे आकडे त्यांच्याच नावाने ओळखले जातात. जोसेफ हॉफमन यांचा नियमही इथलाच : लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या वॉटमध्ये मोठा आवाज यांपैकी दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. जाहिराती तिन्ही देतात.

आकडे प्रत्यक्षात कसे वापरायचे ते एका पाच इंची वूफरवर, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या स्पीकरवर, पाहू. त्याची स्वतःची कंपनसंख्या ५० हर्ट्‌झ, क्यू (हललेला शंकू किती लवकर स्थिरावतो याचा आकडा) ०.३५ आणि त्याच्या लवचिकतेशी जुळणारी हवा १२ लिटर आहे असे धरू. तो ४ लिटरच्या बंद पेटीत बसवला, तर बाराला चाराने भागून त्यात एक मिळवायचा आणि वर्गमूळ काढायचे : उत्तर २. कंपनसंख्या आणि क्यू दोन्ही दुप्पट होतात, म्हणजे १०० हर्ट्‌झ आणि ०.७०. क्यू ०.७ च्या आसपास असला की आवाज सपाट राहतो. तो एकच्या वर गेला की डग्ग्याचा प्रत्येक ठोका फुगीर ऐकू येतो. स्वस्त बॉक्सची ती खूण आहे.

तोच वूफर नळीच्या पेटीत घातला तर सुमारे ९ लिटर जागा आणि ५४ हर्ट्‌झची जुळणी (नळीतली हवा जिथे घुमते ती कंपनसंख्या) लागते. खर्ज तेवढ्या खोलीपर्यंत पोचतो, पण अडचण सुताराच्या टेबलावर येते. आतून ५ सेंमी. व्यासाचा पाइप घेतला तर तो जवळजवळ साडेअठरा सेंमी. लांब हवा. पेटीची आतली खोली मात्र १९ सेंमी.च्या आसपास असते, आणि पाइपचे मागचे तोंड भिंतीपासून निदान व्यासाइतके दूर राहायला हवे. मग नळकामातला एल्बो लावून पाइप वळवावा लागतो. ४ सेंमी.चा पाइप घेतला तर ११ सेंमी. पुरतात, पण आवाज वाढवला की त्यातून हवेचा फसफसाट ऐकू येतो. शिवाय जुळणीच्या खाली शंकूला हवेचा आधार उरत नाही आणि तो भलताच हलू लागतो.

पेटीची फळी स्वतः वाजता कामा नये. आपल्याकडे १८ मिमी. जाडीचा बोर्ड वापरून आत आडवा टेकू देतात. बीबीसीने सत्तरच्या दशकात प्रक्षेपण-गाड्यांसाठी बनवलेल्या सुमारे पाच लिटरच्या ‘एलएस ३/५ए’ या बंद पेटीत उलटा मार्ग होता : भिंती पातळ बर्च प्लायच्या आणि त्यांना आतून डांबरी थर. दोन्ही मार्ग चालतात. कोकणपट्टीत मात्र साधा एमडीएफ नको. कापलेल्या कडांतून तो दमट हवा पितो, फुगतो आणि स्क्रू सैल पडतात. एमडीएफच वापरायचा तर कडा सीलरने भरून घ्याव्यात. मरिन प्लाय (आयएस ७१०) महाग पडतो, पण टिकतो. वूफरची कड फोमची असेल तर ती दमट हवेत काही वर्षांत भुगा होते, रबराची घ्यावी. सांधे फेविकॉलने चिकटवून आतून सिलिकॉन फिरवावा. आत उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस सैलसर घालावा.

हे सगळे शेवटी खोलीत वाजणार असते. उदाहरणादाखल कळंबोली घ्या, सिडकोने वसवलेल्या नवी मुंबईचे एक उपनगर. लोखंड-पोलाद बाजार, शीव-पनवेल महामार्ग आणि इथूनच सुरू होणारा पुण्याचा द्रुतगती मार्ग यांमुळे अवजड गाड्यांची घरघर खालच्याच पट्टीत चालू असते. सिडकोच्या लहान सदनिकेतल्या दहा फुटी खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्‌झला आवाज घुमतो. वरच्या नळीच्या पेटीची जुळणी ५४ ची! पेटी नेमकी तिथेच जोर लावते जिथे खोली आधीच घुमते आहे. गिऱ्हाईक याला ‘बास जबरदस्त आहे’ म्हणते आणि तबला कुठे संपतो ते ऐकू येत नाही.

बंद पेटीचा हिशेब इथे बरा बसतो. एकवीस-बावीस सेंमी. रुंदीच्या पेटीतून सुमारे ५३० हर्ट्‌झच्या खालचा आवाज मागेही पसरतो आणि मोकळ्या जागेत समोर ६ डेसिबलपर्यंत घट पडते. लहान घरात पेटी भिंतीलगतच ठेवावी लागते आणि भिंत ती घट भरून काढते. काळी एकच्या तानपुऱ्यातला खर्जाचा षड्ज सुमारे ६९ हर्ट्‌झचा. चार लिटरच्या बंद पेटीत तो साताठ डेसिबलने खाली जातो, पण जवारीतून उठणारे वरचे स्वर पूर्ण येतात आणि कान मूळ सूर त्यांवरून धरतो. कोपऱ्यात मात्र पेटी ठेवू नये, आणि तिच्याखाली रबराचे तुकडे घालावेत, कारण खालचे सूर शेजारच्या घरात भिंतीतूनच जातात. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे.

सुटे वूफर, ट्वीटर (वरच्या सुरांचे स्पीकर) आणि क्रॉसओव्हर (दोघांत सूर वाटून देणारी जोडणी) मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळतात. आकडे छापलेला कागद बरोबर नसलेला वूफर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. त्यावरून कोणतीच पेटी काढता येत नाही. पहिली पेटी बंदच बांधावी. नळीची बांधायची असेल तर प्लाय कापण्याआधी खोलीची लांबी-रुंदी टेपने मोजून घ्यावी.