दरड कोसळणारच होती?

जुलै 2005. महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडीवते इथे दरडी आल्या, दीडशेहून अधिक माणसं गेली. जुलै 2021ला पुन्हा तळिये. पोलादपुरात केवनाळे, साखर सुतारवाडी. दोन्ही वेळा ऐकलं, "निसर्गापुढे कोणाचं काय चालतं!"

अर्धंच खरं. कातळावरची माती पाणी पिऊन जड झाली की उतारावरून सुटणारच. पण तिच्या वाटेत वाडी असणं हा निसर्गनियम नव्हे. तिथे कुणी हौसेने राहत नाही.

माणसाचं करणं निसर्गाच्या नावावर खपवायची खोड जुनीच. शिवाशिवही अशीच जन्मजात, अटळ म्हणत. 20 मार्च 1927ला बाबासाहेब याच महाडात चवदार तळ्याचं पाणी प्यायले. पाण्याला काही झालं नाही.

2005नंतर आपल्याकडे सोळा वर्षं होती.