कोणी मागवलं होतं?

जुहूच्या गुलमोहर क्रॉस रोड नंबर ९ वर आज सी-डॅकचं मुंबई केंद्र आहे. २००३ पर्यंत इथे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी अशी पाटी होती; कॉम्प्युटरच्या क्षेत्रातले मुंबईकर या संस्थेला नुसतं एनसीएसटी म्हणत. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. नरसिंहन यांनी रुजवलेल्या संगणक केंद्राची ही पुढची पिढी. डॉ. श्रीनिवासन रमणी तिचे पहिले संचालक. एर्नेट हे देशातल्या शिक्षणसंस्थांना जोडणारं जाळं विणण्यात या संस्थेचा मोठा हात होता. १९८९ मध्ये एनसीएसटी आणि अमेरिकेतल्या व्हर्जिनियामधलं यूयूनेट यांच्यात कायमची लाइन सुरू झाली. वेग होता सेकंदाला ९,६०० बिट.

या वेगाचा हिशोब करून बघा. साडेसहाशे एमबीची एक सीडी त्या लाइनवरून उतरवायची, तर लाइन दुसऱ्या कोणालाही न देता सहा दिवसांहून जास्त लागतील. रविवारी सकाळी बसलात, तर शनिवारी उठाल. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हाही घरच्या फोनवरचा वेग याच पंगतीतला होता. म्हणून मुंबईत लिनक्स आलं ते तारेवरून कमी आणि हातोहात जास्त: मासिकांबरोबर मिळणाऱ्या सीडी आणि त्यांच्या मित्रांकडून मित्रांकडे गेलेल्या नकला. अशा गावात मशीनवर बसवलेलं सॉफ्टवेअर काढून टाकायला जीव धजावत नाही. उद्या लागलं तर आणायचं कुठून? डिस्क भरत आली की हात शिवशिवतो आणि हा प्रश्न त्याला मागे ओढतो. लिनक्सवर नको ती पॅकेजं काढण्याची रीत नीट बसायला सोळा-सतरा वर्षं गेली, आणि त्या सगळ्या काळात झगडा चालला होता तो पुसण्याशी नव्हे, लक्षात ठेवण्याशी.

पुसणं सोपंच होतं. युनिक्सवर जुना रिवाज असा की प्रोग्रॅमचा मूळ मजकूर टारच्या गाठोड्यातून सोडायचा, मशीनवर संकलित करायचा आणि 'मेक इन्स्टॉल' म्हणायचं. दोन-तीनशे फाइली चार-सहा फोल्डरांत पांगत. त्या कुठे गेल्या याची नोंद मशीन ठेवत नसे. काही लेखक 'मेक अनइन्स्टॉल'ची सोय करत, बरेचसे करत नसत, आणि ती सोय वापरायला मूळ गाठोडं जपून ठेवलेलं असावं लागे. ते सहसा जागा हवी म्हणून आधीच उडवलेलं असे.

१९९३ च्या जुलैत पॅट्रिक व्होल्करडिंग यांचं स्लॅकवेअर हे लिनक्सचं वितरण आलं. त्याने साधी गोष्ट केली: प्रत्येक पॅकेजमागे एक मजकुराची फाइल ठेवली आणि त्यात पॅकेजने आणलेल्या सगळ्या फाइलींची नावं लिहिली. 'रिमूव्हपॅकेज' ती यादी वाचतं, दुसऱ्या पॅकेजच्या यादीतही जी फाइल असेल ती सोडतं आणि बाकीच्या पुसतं. पॅकेजांचं एकमेकांवर काय अवलंबून आहे याची विचारपूस स्लॅकवेअर आजही करत नाही. ते काम वापरणाऱ्याच्या डोक्यावर. मला या कर्मठपणाचं थोडं कौतुक आहे, पण शंभर मशीन सांभाळणाऱ्याला तो परवडत नाही.

त्याच वर्षी १६ ऑगस्टला इयन मर्डॉक यांनी डेबियन या दुसऱ्या वितरणाची घोषणा केली. पॅकेजं बसवणारं आणि काढणारं त्यांचं डीपीकेजी १९९४ मध्ये शेल स्क्रिप्ट म्हणून जन्मलं, मग पर्लमध्ये आलं आणि अखेर इयन जॅक्सन यांनी ते सी भाषेत नव्याने लिहिलं. त्याची नोंद स्लॅकवेअरपेक्षा बरीच खोल. कोणत्या पॅकेजला कोणतं पॅकेज लागतं, कोणाचं कोणाशी जमत नाही, काढण्याआधी आणि काढल्यानंतर काय करायचं, हे सगळं त्यात असतं. एखाद्या लायब्ररीवर दुसरं काही उभं असेल तर डीपीकेजी ती काढायला सरळ नकार देतं.

काढण्याचे दोन प्रकारही इथेच वेगळे झाले. 'रिमूव्ह' केलं तर प्रोग्रॅम जातो, पण व्यवस्थेसाठीच्या कॉन्फिगरेशन फाइली राहतात. यादीत त्या पॅकेजापुढे 'आरसी' अशी दोन अक्षरं दिसतात. 'पर्ज' केलं तर त्याही जातात. नवखे लोक या 'आरसी'ला कचरा समजतात. पण मेल सर्व्हरची रचना जमवायला कोणीतरी तीन रात्री घातलेल्या असतात, आणि प्रोग्रॅम पुन्हा बसवल्यावर त्या रात्री परत मिळाव्यात म्हणूनच तो अवशेष ठेवलेला असतो. वापरणाऱ्याच्या घरच्या फोल्डरातल्या फाइलींना तर पर्जही हात लावत नाही. रेड हॅटचं आरपीएम हे दुसरं घराणं १९९५ पासूनचं. ढाचा साधारण असाच.

इथपर्यंत मशीनला दोन गोष्टी माहीत झाल्या: कोणती फाइल कोणाची आणि कोणाला कोण लागतं. तिसरी माहीत नव्हती, आणि तिची उणीव भासायला आधी आणणं सोपं व्हावं लागलं. मार्च १९९९ मध्ये डेबियन २.१ बरोबर एपीटी, म्हणजे ॲप्ट, लोकांच्या हाती आलं. आता एक नाव सांगितलं की त्याला लागणारं सगळं ॲप्ट आपण होऊन शोधून आणू लागलं. लग्नाचं आमंत्रण एकाला द्यावं आणि तो बिऱ्हाडासकट यावा, तसं. आमंत्रित उठून गेला तरी सोबत आलेले मांडवातच. त्यांना कोणी बोलावलं होतं हे यजमानाच्या लक्षात नाही. चित्रं पाहण्याचा एक प्रोग्रॅम काढला, तरी त्याच्यासाठी आलेल्या डझनभर लायब्ररी डिस्कवर ठाण मांडून राहत.

यावर पहिले उपाय निघाले ते अंदाजाचे. डेबऑर्फन नावाचं हत्यार लायब्ररींच्या विभागात जाऊन ज्यांच्यावर काहीच अवलंबून नाही अशांची यादी काढे. पण ज्यावर काही अवलंबून नाही ते नकोच आहे, असं थोडंच असतं? तुम्ही स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम एखाद्या लायब्ररीवर चालत असेल, तर डीपीकेजीला त्याचा पत्ता नसतो. डेबफॉस्टर याच्या उलट. ते एकेक पॅकेज समोर धरून विचारी, ठेवू का? उत्तरं प्रामाणिक मिळत, पण दोनशे प्रश्नांना उत्तरं देण्याइतका संयम माणसात नसतो. शंभराव्या प्रश्नानंतर तो नुसतं एंटर दाबतो, आणि चुका होतात त्या तिथे.

नेमकं उत्तर डॅनियल बरोज यांच्या ॲप्टिट्यूडने दिलं. १९९९ मध्ये सुरू झालेल्या या प्रोग्रॅमने प्रत्येक पॅकेजाबरोबर एकच जास्तीची खूण ठेवली: हे माणसाने मागवलं की दुसऱ्याची गरज म्हणून आपोआप आलं? माणसाने मागवलेलं ते 'मॅन्युअल', सोबत आलेलं ते 'ऑटो'. एवढ्याने प्रश्न सुटला, कारण आता अंदाज उरला नाही. अडचण फक्त एक. खूण ठेवी ॲप्टिट्यूड, आणि लोक सवयीने मधूनच 'ॲप्ट-गेट' वापरत. मग त्या वाटेने आलेलं सगळं माणसाने मागवल्यासारखं दिसे. २००५ च्या डेबियन ३.१ मध्ये ॲप्टिट्यूड वापरण्याची अधिकृत शिफारस झाली, तरी दोन तोंडांची ही नोंद एक होईना. ती झाली २००७ मध्ये, ॲप्टच्या ०.७ आवृत्तीत: खूण ॲप्टच्या गाभ्यात उतरली आणि 'ॲप्ट-गेट ऑटोरिमूव्ह' ही आज्ञा मिळाली. २००९ च्या डेबियन ५.० बरोबर ती सगळ्यांपर्यंत पोचली.

आज्ञा नवी असली तरी तिच्या पोटातली युक्ती जुनी आहे. मॅन्युअल पॅकेजांपासून निघायचं, त्यांना लागणाऱ्यांवर खूण करायची, मग त्यांना लागणाऱ्यांवर, असं शेवटपर्यंत. खूण न पडलेलं ऑटो पॅकेज काढण्यायोग्य. जॉन मॅकार्थी यांनी १९६० च्या लिस्पवरच्या निबंधात मेमरीतल्या बिनकामाच्या जागा परत मिळवण्यासाठी सांगितलेली रीत हीच. त्यांच्यापुढे मेमरीतले शब्द होते, इथे पॅकेजं आहेत.

ॲप्ट मात्र गणितापेक्षा जास्त भित्रं आहे, आणि ते भित्रेपण मुद्दाम ठेवलंय. एखादं पॅकेज सक्तीचं नसेल, पण दुसऱ्या कोणी त्याची नुसती शिफारस केली असेल किंवा ते सुचवलेलं असेल, तरी नेहमीच्या मांडणीत ऑटोरिमूव्ह त्याला हात लावत नाही. म्हणून काही कचरा वर्षानुवर्षं राहतो. चालू असलेलं कर्नलही ते वाचवतं, सोबत राखीव म्हणून आणखी एखादं, कारण नवीन कर्नल उठलंच नाही तर जुन्यावरून मशीन चालू करता आलं पाहिजे. त्याआधीची कर्नलं मात्र काढायलाच हवीत. लहानशी बूट विभागणी त्यांनी भरली की पुढचं अपडेट मध्येच अडकतं.

खरी फसवणूक मेटापॅकेजांत होते. त्यात स्वतःचं काही नसतं, दुसऱ्या पॅकेजांची नावं तेवढी असतात. आपल्या घरचं उदाहरण घेऊ. डेबियनमध्ये 'फॉन्ट्स-इंडिक' आहे. ते बंगाली, देवनागरी, गुजराती, मल्याळम अशा लिप्यांचे फॉन्ट एकदम आणतं. एका मराठी माणसाने ठरवलं की बंगालीचा आपल्याला उपयोग नाही, आणि 'फॉन्ट्स-बेंग' काढलं. त्याबरोबर त्यावर अवलंबून असलेलं फॉन्ट्स-इंडिकही जातं. आता देवनागरीचं पॅकेज दुसरं कोणीच मागत नसेल, तर पुढच्या ऑटोरिमूव्हच्या यादीत तेही येऊ शकतं. डोळे झाकून 'वाय' दाबलं, तर पुण्यात घडलेला लोहित देवनागरी निघून जाईल, आणि दुसरा देवनागरी फॉन्ट नसेल तर मराठीच्या जागी चौकोन दिसतील. मशीन चुकलेलं नसतं. देवनागरी कोणी मागवलं होतं, या प्रश्नाला त्याच्याकडचं खरं उत्तर 'कोणीच नाही' हेच असतं. अशी गळती होऊ नये म्हणून ॲप्टने मेटापॅकेज हा विभाग लावलेल्यांना वेगळी वागणूक दिली: त्यांनी आणलेली पॅकेजं ऑटो समजायची नाहीत. पण तो विभाग ज्यांना लावलेला नाही, त्यांना हे संरक्षण नाही.

लिनक्सवर देवनागरी दिसणं ही गोष्ट तशीही फुकट मिळालेली नाही, आणि तिचा एक धागा जुहूतच आहे. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवणारे सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी पुढे एनसीएसटीत काम करत होते. विंडोजबरोबर घरोघर गेलेला 'मंगल' त्यांचा, आणि 'रघू' हा मुक्त परवान्याने खुला झालेला फॉन्टही त्यांचाच. लिनक्सच्या पडद्यावर भारतीय लिप्या नीट जुळून याव्यात म्हणून एनसीएसटीने 'इंडिक्स' हा प्रकल्प केला. असं काम ज्या पॅकेजात बसलेलं असतं, त्याला 'ॲप्ट-मार्क मॅन्युअल' म्हणून ठेवायला पाच सेकंद लागतात.

जाणते लोक काढण्याआधी आणखी दोन आज्ञा चालवतात. 'सिम्युलेट' लावून ऑटोरिमूव्ह चालवलं की काय जाणार ते दिसतं, जात काहीच नाही. 'ॲप्टिट्यूड व्हाय' एखादं पॅकेज कोणाच्या ओळखीने आलं ती साखळी सांगतं. आणि काढून झाल्यावर ॲप्टच्या हिस्टरी लॉगमध्ये तारीख, वेळ, दिलेली आज्ञा, गेलेल्या पॅकेजांची नावं, सुडोने केलं असेल तर ते कोणी मागितलं त्याचं नावही सापडतं. रेड हॅटच्या बाजूला यम आणि डीएनएफ यांनी याच्या पुढे जाऊन 'हिस्टरी अनडू' दिलं. डीएनएफमध्ये ऑटोरिमूव्हही आहे.

एवढं असूनही माणूस वाचत नाही, हे सगळ्या जगाने २०२१ च्या नोव्हेंबरात पाहिलं. लिनस सेबॅस्टियन हे कॅनडातले प्रसिद्ध यूट्यूबर पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम हा गेमचा प्रोग्रॅम बसवत होते. पॅकेजांतल्या एका तात्पुरत्या विसंगतीमुळे ॲप्टने स्टीम बसवण्यासाठी सगळा डेस्कटॉपच काढायचा बेत मांडला. अशा वेळी ॲप्ट 'यस, डू ॲज आय से!' हे वाक्य जसंच्या तसं टाइप करायला सांगे. त्यांनी ते टाइप केलं, आणि डेस्कटॉप गेला. ही सक्ती वाचायला लावण्यासाठी ठेवलेली होती. प्रत्यक्षात ती फक्त टाइप करायला लावत होती. त्याच महिन्यात ॲप्टच्या २.३.१२ आवृत्तीतून ते वाक्य काढलं गेलं. आता अत्यावश्यक पॅकेज काढायचं असेल तर तशी वेगळी परवानगी आज्ञेतच लिहावी लागते. मध्येच काही टाइप करून पुढे जाता येत नाही. उशिरा सुचलेलं, पण बरोबर.

सी-डॅकचं बॉस हे भारतीय लिनक्स डेबियनवरच उभं आहे, त्यामुळे तिथेही खुणा याच आणि ऑटोरिमूव्हही हेच. या नोंदीला कुंपण मात्र आहे. पायथनच्या 'पिप'ने आणलेलं, 'ऑप्ट' फोल्डरात हाताने टाकलेलं, स्नॅप किंवा फ्लॅटपॅकने बसवलेलं यांपैकी काहीच डीपीकेजीच्या वहीत नसतं, आणि ऑटोरिमूव्हला ते दिसतही नाही. पिप तर डीपीकेजीच्या फाइलींच्या शेजारीच आपल्या फाइली मांडत असे, आणि मग कोणती कोणाची हे सांगणं पुन्हा मेक इन्स्टॉलच्या काळाइतकं अवघड होई. जून २०२३ च्या डेबियन १२ पासून पिपला तिथे मज्जाव आहे. पायथनची यंत्रणा दुसऱ्याच्या ताब्यात असल्याचं सांगून ते थांबतं आणि वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट करायला सुचवतं. ते नको झालं की अख्खं फोल्डर उडवलं तरी चालतं. अडवणूक चुकवायचा पर्यायही त्यांनी ठेवला आहे, आणि त्याचं नाव 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' असंच ठेवलं आहे.