थाळनेरला कोणी विचारले?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

एखाद्या महासत्तेने दूरच्या मुलखात आपले सैन्य नेऊन बसवावे का, हा प्रश्न आपल्याकडे चहाच्या टपरीपासून कॉलेजातल्या वादविवाद स्पर्धेपर्यंत सगळीकडे रंगतो. २००३ साली अमेरिकेने इराकमध्ये फौजा घातल्या तेव्हा जळगाव-धुळ्यातही तो रंगला होता. एक बाजू म्हणायची, हुकूमशहा गेला, बरे झाले. दुसरी म्हणायची, तेलासाठी घातलेला हा दरोडा आहे. माझे नाव ऐकले की मी कोणत्या बाजूने बोलणार हे पुष्कळांनी आधीच ठरवलेले असते. मी मात्र अशा वेळी बगदादकडून थाळनेरकडे वळतो. परक्या महासत्तेचे सैन्य दारात आले म्हणजे काय होते, हे समजून घ्यायला खानदेशच्या माणसाला फार लांब जावे लागत नाही.

थाळनेर हे शिरपूर तालुक्यातले तापीकाठचे गाव. खानदेशच्या फारुकी सुलतानांची ही पहिली राजधानी, आणि त्यांच्या कबरी आजही तिथे आहेत. १८१८ साली मात्र थाळनेरचा किल्ला होळकरांकडे होता आणि तुळशीराम नावाचा किल्लेदार तो सांभाळत होता.

त्या काळची महासत्ता म्हणजे इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी. ती इथे आली तेव्हा तिच्या बाजूने बोलण्यासारखे काहीच नव्हते असे म्हणणे खोटेपणाचे होईल. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजांनी खानदेश तुडवला. पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला. मग पेंढाऱ्यांच्या धाडी सुरू झाल्या. गावे ओस पडली, शेतात काटेरी झुडपे माजली. पोटाला काही उरले नाही तेव्हा डोंगरातले भिल्ल सपाटीवरच्या गावांवर येऊ लागले. भाडोत्री अरब शिपाई पगाराच्या थकबाकीसाठी मालकालाच ओलीस धरत आणि सावकारीही करत. अशा मुलखातल्या कुणब्याला कोणी विचारले असते की बाबा, तुला कोण हवा, तर ‘जो रात्री झोपू देईल तो’ असेच त्याने सांगितले असते. महासत्तेच्या समर्थकांचा सर्वांत भक्कम मुद्दा नेहमी हाच असतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

पण सैन्य आले कसे, तेही पाहू. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला. आपल्या राज्यात इंग्रजांचे किमान सहा हजारांचे पायदळ कायमचे ठेवायचे, त्याच्या खर्चासाठी सव्वीस लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा आणि इंग्रजांच्या संमतीशिवाय दुसऱ्या दरबाराशी बोलणी करायची नाहीत, असा तो करार. राखणदार त्यांचा, त्याची भाकरी आपल्या घरची आणि शेजाऱ्याशी बोलायचे तेही राखणदाराला विचारून! पंधरा वर्षांत राखणदार घराचा मालक झाला. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला, ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला आणि त्या तहाने सातपुड्याच्या दक्षिणेकडचा होळकरांचा मुलूख कंपनीला मिळाला. त्यात थाळनेर आले.

२७ फेब्रुवारी १८१८ रोजी सर थॉमस हिस्लॉप फौज घेऊन थाळनेरपुढे उभा राहिला. किल्लेदाराने किल्ला सोडला नाही. विरोध कराल तर बंडखोर समजू, अशी ताकीद त्याला दिली गेली. तोफा सुरू झाल्या, आणि अखेर किल्लेदार बाहेर येऊन स्वाधीन झाला. आतल्या दरवाजापाशी मात्र अरब शिपाई आणि आत शिरलेले इंग्रज अधिकारी यांच्यात झटापट झाली. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर मारले गेले. हा दगा होता की एकमेकांची भाषा न कळल्याने झालेला घोटाळा, यावर तेव्हाच दोन मते पडली. पुढे जे झाले त्याबद्दल मात्र वाद नाही. किल्ल्यातली सुमारे तीनशे माणसे कापली गेली. आधीच स्वाधीन झालेल्या तुळशीरामाला त्याच संध्याकाळी फाशी दिले.

आता यातली खरी गंमत पाहा. या प्रकरणाची चर्चा झाली, आणि ती थेट लंडनच्या पार्लमेंटात झाली. मार्च १८१९ मध्ये हिंदुस्थानातल्या फौजांचे आभार मानण्याचा ठराव जॉर्ज कॅनिंग यांनी मांडला, तेव्हा थाळनेरचा प्रश्न निघालाच. शरण आलेल्या माणसाला कोणत्या कायद्याने फासावर दिले? आभार मानताना थाळनेरच्या प्रकरणाला अपवाद ठेवावा लागला. विजयाच्या जल्लोषात स्वतःच्या सेनापतीला असा प्रश्न विचारणारी ती सभा होती, हे कबूल केले पाहिजे. असा प्रश्न विचारणारे घर पुष्कळ बादशाह्यांत नव्हतेच. पण त्या सभेत थाळनेरचा कोण होता? मारलेल्यांच्या बायकामुलांना कोणी विचारले? प्रश्न विचारणारे त्यांचे आणि उत्तर देणारेही त्यांचेच.

हिस्लॉपच्या बाजूने असे सांगितले जाई की थाळनेरच्या धाकाने पुढचे किल्ले लवकर हाती आले. धाकाचे हे गणित तीन महिन्यांत मालेगावला चुकले. मालेगाव तेव्हा खानदेशातच होते. मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, जवळपास महिनाभर, साडेतीनशेच्या आसपास अरबांनी तो किल्ला लढवला. इंग्रजांचे दोनशेहून अधिक सैनिक ठार आणि जखमी झाले. शरण गेले तरी फाशीच मिळणार असेल तर माणूस लढूनच मरतो. हे कळायला सेनापती असावे लागत नाही. आणि मालेगाव अखेर कशाने मिळाले? तोफांचा मारा होताच, पण दरवाजा उघडला तो मराठीत लिहून दिलेल्या एका कागदाने. त्यातल्या शब्दांचा अर्थ नंतर वादाचा झाला. तेव्हा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी, आपल्या लोकांना काय म्हणायचे होते ते बाजूला ठेवून, कागदावर जे लिहिले होते तेच पाळायला लावले. थाळनेर आणि मालेगाव, महासत्ता तीच आणि साल तेच. एका ठिकाणी शब्द पाळला गेला, एका ठिकाणी नाही. पण पाळायचा की नाही, हे दोन्ही वेळा तिनेच ठरवले.

कंपनीच्या कारभाराची उजळ बाजू पाहायची तर धरणगावला जावे. भिल्लांवर फौजा धाडून काही साधेना, तेव्हा १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या बावीस वर्षांच्या अधिकाऱ्याने तिथे भिल्लांचीच पलटण उभारली. तो त्यांच्यात राहिला, त्यांच्याबरोबर शिकारीला गेला. इकडे धुळ्याला जिल्ह्याचे ठाणे करणारे कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी पुढे फेरिश्त्याच्या फारसी इतिहासाचे इंग्रजी भाषांतर केले, आणि १८३० मध्ये जमीन महसुलावर ग्रंथ लिहून जमिनीवर सरकारची मालकी सांगणाऱ्या आपल्याच लोकांना विरोध केला. अशी माणसे होती. पण चांगल्या माणसांमुळे व्यवस्था चांगली ठरत नाही. धरणगावची पलटण १८३० मध्ये डांगच्या भिल्ल राजांवरच चालून गेली. १८५२ मध्ये नव्या जमीन मोजणीला सावदा, फैजपूर, एरंडोलकडच्या शेतकऱ्यांनी विरोध केला तेव्हा सैन्य बोलवावे लागले. आणि एके काळी सेंधव्याच्या घाटातला रस्ता राखणाऱ्या खाज्या नाईकाच्या भिल्लांशी ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीला इंग्रजांची लढाई झाली. चाळीस वर्षांच्या शांततेनंतरही बंदूक लागतच होती.

हे सारे इंग्रजांपुरतेच आहे असे कोणी समजू नये. माझी फूटपट्टी एकच आहे. जानेवारी १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि फारुकींचे राज्य बुडवले. जिंकणारा मुसलमान, हरणारा मुसलमान. मुलखाचे नावही शहजादा दानियालवरून ‘दानदेश’ करून टाकले. तेही खानदेशला विचारून झाले नव्हते. नाव टिकले नाही, हा लोकांनी दिलेला जबाब!

डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरूंनी तिथे स्पेनच्या यादवीबद्दल सांगितले, आणि साम्राज्याच्या युद्धात हिंदुस्थानला ओढू नये, अशी भूमिका घेतली गेली. केळीच्या आणि कापसाच्या मुलखातल्या शेतकऱ्यांपुढे जगाचे परराष्ट्र धोरण मांडले गेले ते असे. तीन वर्षांनी, सप्टेंबर १९३९ मध्ये, व्हाइसरॉयने हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर करून टाकले. निवडून आलेल्या प्रतिनिधींना विचारलेसुद्धा नाही. प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले ते यासाठी. हिटलरशी लढण्याला त्यांचा विरोध नव्हता, न विचारता लढायला लावण्याला होता.

म्हणून दुसऱ्याच्या मुलखात सैन्य जाणे प्रत्येक वेळी पापच, असेही मी म्हणणार नाही. १९७१ मध्ये आपले सैन्य पूर्व पाकिस्तानात गेले, बांगलादेश झाला आणि मार्च १९७२ मध्ये ते परत आले. श्रीलंकेत १९८७ मध्ये आपण शांतिसेना पाठवली. तिथे आपले शेकडो जवान कामी आले, आणि तिथल्याच सरकारने ‘आता जा’ म्हटल्यावर १९९० मध्ये ती परत आली. दोन्हींतला फरक आपणही शिकण्यासारखा आहे. रशियन फौजा १९७९ मध्ये अफगाणिस्तानात गेल्या आणि १९८९ मध्ये निघाल्या. अमेरिका २००१ मध्ये गेली, ऑगस्ट २०२१ मध्ये निघाली, आणि ज्यांना हटवायला ती गेली होती तेच पुन्हा काबूलच्या गादीवर बसले. इराकमध्ये ज्या महासंहारक अस्त्रांसाठी युद्ध झाले ती सापडली नाहीत. त्याचा जाब वॉशिंग्टन आणि लंडनमध्ये विचारला गेला, चौकश्या झाल्या, अहवाल निघाले. १८१९ च्या पार्लमेंटची आठवण यावी असेच हे आहे.

महासत्ता भली की बुरी, यावर आपण रात्ररात्र वाद घालतो. तिने रस्ते बांधले, शाळा काढल्या, हुकूमशहा हटवला, ही यादी एका बाजूला ठेवतो आणि मेलेल्यांची यादी दुसऱ्या बाजूला. दोन्ही याद्या खऱ्या असतात, म्हणून वाद संपत नाही. मला वाटते, त्याआधी एक साधी गोष्ट विचारावी. हे सैन्य ज्यांच्या दारात उभे आहे, त्यांना ‘आता निघा’ असे म्हणता येते का? आणि म्हटले तर ते निघते का? या प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर मिळत असेल, तर बाकीच्या हिशेबाला बसण्यात अर्थ आहे. खानदेशला तसे म्हणता यायला १९४७ साल उजाडावे लागले. थाळनेरच्या किल्ल्याला तोवर एकशे एकोणतीस वर्षे उलटली होती.