घोरपडीचे आल्को

घोरपडीच्या रेल्वे इंजिन शेडजवळ गेलो की मी आधी ऐकतो. उभ्या 'डब्ल्यूडीएम-२' या डिझेल इंजिनाचं सोळा सिलिंडरांचं अडखळतं धपापणं नव्या इंजिनांच्या गलक्यातही लपत नाही.

ही २६०० अश्वशक्तीची इंजिनं १९६२मध्ये अमेरिकेच्या आल्को कंपनीकडून आली आणि १९६४पासून वाराणसीत बनू लागली. आल्को १९६९मध्ये बंद पडली, पण वाराणसीत हे काम १९९८पर्यंत चाललं. मूळ कारखान्याला कुलूप लागल्यावरही आपल्या कामगारांनी ते जिवंत ठेवलं, याचं मला अपार अप्रूप आहे.

माझा जीव अडकलाय तो 'जंबो'त. चालकाला पुढचं नीट दिसावं म्हणून काही इंजिनांचं छोटं नाक खाली घेतलं, वर मोठाल्या काचा बसवल्या. ती थोडीच बनली.

फोटोसाठी मी तिरप्या उन्हाची वाट पाहतो, नाहीतर चाकांकडचा भाग काळा येतो. तिथलं चाकांमधलं असमान अंतर दिसलंच पाहिजे. चालकाने नॉच (थ्रॉटलची पायरी) वाढवला, की टर्बो वेग धरेपर्यंत काळा धूर उसळतो. तो क्षण सोडायचा नाही. नंबर, शेडचं नाव आणि निर्मितीची पट्टी मी वेगळी टिपतो. इंजिन भंगारात गेल्यावर त्याचा इतिहास त्यावरूनच जुळवता येतो.