आधी हत्यारे, मग गाडी : पिंपरी-चिंचवड पट्ट्यातील स्टिअरिंग-जोडणी

दगडधोंड्यांच्या वाटेवर चालणाऱ्या जड गाडीचे स्टिअरिंग अखेर एका निमुळत्या भोकावर अवलंबून असते. ड्रॅग लिंक व टाय रॉड यांच्या टोकांवरील बॉल जॉइंटची निमुळती पिन नकलच्या बाहूत बसते. तिचा उतार बहुधा १:८ किंवा १:१० असतो. टेपर रीमरने कापलेल्या भोकाचा उतार तिच्याशी जुळला नाही, तर पिन केवळ एका कडेवर टेकते आणि नट कितीही आवळला तरी धक्क्यांनी खिळखिळी होते. सुटा भाग परदेशातून आणता येतो. त्याची जोडी जमविणारे रीमर, जिग व गेज मात्र कारखान्यापाशीच असावे लागतात.

मुंबईत १९४० च्या दशकाअखेर महिंद्र कंपनीने जीपचा आरंभ आयात सुट्या भागांवर केला. पिंपरीत क्रम उलटा होता. सुमंत मुळगावकर यांच्या धोरणानुसार टेल्कोने १९६६ मध्ये तेथे प्रथम यंत्र-हत्यारांचा विभाग व शिकाऊ कामगारांचे शिक्षण यांस हात घातला. पुण्याची पहिली मालमोटार निघाली ती १९७७ मध्ये. या अकरा वर्षांस विलंब म्हणणे उथळपणाचे होईल. याच सुमारास, १९६१ मध्ये स्थापन झालेली भारत फोर्ज मुंढव्यास घडीव पोलादी भाग घडवू लागली होती.

महिंद्रचा चाकण येथील कारखाना २०१० चा. तेथील एक्सयूव्ही गाड्यांत रॅक-पिनियनमुळे लांब ड्रॅग लिंक उरली नाही. टाय रॉडची निमुळती पिन मात्र राहिली.