मुतखडा फोडणारी लाट आणि पुरुषाचे मौन

विमानावर पडणारा पाऊस आणि पुरुषाची लैंगिक दुर्बलता यांचा काही संबंध असेल, असे कुणी म्हटले तर आपल्याला हसू येईल. पण वैद्यकाच्या इतिहासात असे आडवळणाचे रस्ते पुष्कळ आहेत. अलीकडे जाहिरातींतून 'शॉकवेव्ह उपचार' हा शब्द वारंवार कानावर पडतो. गोळी नाही, सुई नाही, शस्त्रक्रिया नाही, लाटांनी दोष दूर होईल, असे आश्वासन त्यात असते. ही लाट आली कुठून आणि तिच्यावर कितपत विसंबायचे, हे पाहायचे तर आधी जर्मनीत जावे लागेल.

एक गैरसमज प्रथम दूर करू या. इथे शॉक म्हणजे विजेचा झटका नव्हे. शॉकवेव्ह म्हणजे आघात-तरंग. हवेत, पाण्यात किंवा एखाद्या पदार्थात दाब क्षणार्धात प्रचंड वाढतो आणि ती वाढ लाटेसारखी पुढे सरकते. जवळपास मोठा स्फोट झाला की घराची तावदाने थरथरतात, ती अशाच लाटेमुळे.

डॉर्निए ही जर्मनीतली विमाने बनवणारी कंपनी. ध्वनीपेक्षा जास्त वेगाने जाणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळले की विमानाच्या पत्र्याचे काय होते, याचा अभ्यास तिचे अभियंते १९६०च्या दशकात करत होते. थेंब आपटला की आघात-तरंग निर्माण होतो. हा तरंग पाण्यातून शरीरात शिरताना फारसा अडत नाही, कारण आपल्या शरीरातही बहुतांशी पाणीच आहे. मात्र वाटेत कठीण वस्तू आली की तिला तडे पाडतो, हे त्यांच्या ध्यानात आले. मग शरीरातली कठीण वस्तू कोणती? मुतखडा!

१९७४ साली जर्मन सरकारच्या संशोधन खात्याने या कल्पनेला पैसा पुरवला. म्युनिकच्या विद्यापीठात एगबर्ट श्मिट, वाल्टर ब्रेंडल आणि तरुण ख्रिस्तियान शोसी हे डॉक्टर डॉर्निएच्या तंत्रज्ञांबरोबर कामाला लागले. कुत्र्यांच्या मूत्रपिंडात माणसाचे खडे ठेवून ते फोडून पाहिले. आजूबाजूच्या पेशींना इजा होते का, हे तपासले. अशी काही वर्षे गेल्यावर फेब्रुवारी १९८० मध्ये पहिल्या रुग्णावर उपचार झाला. रुग्णाला भूल देऊन पाण्याच्या टबात ठेवत. टबाच्या तळाशी पाण्यात ठिणगी पडे. तिच्याभोवतीच्या लंबवर्तुळाकार धातूच्या भांड्यावरून लाटा परावर्तित होऊन नेमक्या खड्यावर एकवटत. खड्याचा चुरा होई आणि तो लघवीवाटे निघून जाई. तोपर्यंत मोठ्या खड्यासाठी कुशीत लांब छेद घेण्यावाचून इलाज नसे. १९८४ च्या अखेरीस अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या यंत्राला मान्यता दिली आणि पाहता पाहता ते जगभर पसरले. आपल्याकडेही 'ऑपरेशनशिवाय मुतखडा' हे शब्द घरोघरी पोचले.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. मुतखड्याच्या बाबतीत यशाचा पुरावा डोळ्यांना दिसत होता. आधीच्या एक्स-रेमध्ये खडा होता, नंतरच्या एक्स-रेमध्ये नाही. रुग्णाला काय वाटते यावर काही अवलंबून नव्हते.

पुढे या लाटेला नवी कामे मिळत गेली. तिचा हाडावरही परिणाम होतो असे दिसले. न जुळणाऱ्या अस्थिभंगावर तिचा वापर केल्याचा अहवाल बल्गेरियातील डॉक्टरांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. २००० साली टाचदुखीसाठी अमेरिकेत या उपचाराला मान्यता मिळाली. २००४ मध्ये जपानी संशोधकांनी डुकरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. अगदी सौम्य लाटा दिल्या तर रक्तपुरवठा कमी झालेल्या हृदयात नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटतात, असे त्यांत दिसले. म्हणजे कल्पनाच पालटली. फोडणारी लाट आता पालवी फुटवणारी ठरू पाहत होती.

आता मूळ विषयाकडे येऊ. लिंगाला ताठरता येते ती रक्ताने. मेंदूकडून आणि मज्जातंतूंकडून संदेश येतो, नायट्रिक ऑक्साइड सुटते, रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्त भरते. हे रसायन उलगडल्यावर १९९८ मध्ये सिल्डेनाफिलची निळी गोळी बाजारात आली. पण गोळीचा परिणाम काही तासांपुरता. दुखणे रक्तवाहिन्यांचे असेल तर रक्तवाहिन्याच सुधारता येणार नाहीत का? इस्रायलमधील हैफा शहराच्या रॅम्बाम रुग्णालयातील डॉ. योराम वार्दी यांनी हा प्रश्न धरला. २०१० मध्ये त्यांनी २० पुरुषांवरील अनुभव प्रसिद्ध केला. मुतखड्यासाठी लागते त्याच्या सुमारे एक दशांश ताकदीच्या लाटा त्यांनी दिल्या. आठवड्यातून दोनदा, तीन आठवडे. मग तीन आठवडे विश्रांती आणि पुन्हा तीन आठवडे. बहुतेकांनी सुधारणा झाल्याचे सांगितले.

परंतु इथे एक्स-रे नव्हता. यश मोजायचे ते रुग्णाने भरलेल्या प्रश्नावलीवरून. आणि या दुखण्यात मनाचा वाटा मोठा. डॉक्टरांनी आस्थेने विचारले, यंत्र टकटक वाजले, खिशातून पैसे गेले, एवढ्यानेही पुष्कळांना बरे वाटते. म्हणून काही रुग्णांना खरी लाट आणि काहींना नुसत्या आवाजाचे खोटे यंत्र लावून तुलना करावी लागते. वार्दी यांनी २०१२ मध्ये ६७ पुरुषांवर अशी चाचणी केली, तीत खरी लाट सरस ठरली. मात्र २०१७ मध्ये डेन्मार्कमधील १२६ पुरुषांच्या चाचणीत खऱ्या आणि खोट्या यंत्रात लक्षणीय फरक आढळला नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने हा उपचार अजून प्रायोगिक समजावा असे सांगितले. युरोपातील संघटनेने रक्तवाहिन्यांशी संबंधित सौम्य दोषासाठी त्याला हातचे राखून संमती दिली. म्हणजे आशा आहे, पण निकाल लागलेला नाही. शिवाय अनेक ठिकाणी वापरले जाणारे यंत्र खोलवर एकवटणाऱ्या लाटेचे नसतेच. ते हवेच्या दाबावर चालते, त्याचा दाब त्वचेपाशीच पसरतो आणि पुढे क्षीण होत जातो. नाव मात्र तेच.

श्रोतेहो, या क्षेत्रात उतावळेपणा नवा नाही. १८८९ मध्ये पॅरिसमध्ये ब्राऊन-सेकार या बहात्तर वर्षांच्या नामवंत शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून तारुण्य परतल्याचे जाहीर केले. १९२०च्या दशकात सर्ज व्होरोनॉफ माकडाच्या वृषणाच्या चकत्या धनवंतांच्या शरीरात बसवत होते. दोन्ही कल्पना पुढे फोल ठरल्या. आघात-तरंगांना त्यांच्या रांगेत बसवणे अन्यायाचे होईल, कारण इथे निदान कसोटीला लावण्याची तयारी आहे. पण गिऱ्हाईक तेच आहे: लाजेने गप्प बसलेला आणि म्हणून कुणालाही पैसे मोजायला तयार असलेला पुरुष.

हे मौन फोडण्याची खटपट आपल्या महाराष्ट्रात फार पूर्वी झाली. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकात लैंगिक प्रश्नांची रोखठोक उत्तरे दिली. १९३४ मध्ये त्याच उत्तरांवरून खटला झाला, तेव्हा त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. पुढे १९५४ च्या कायद्याने नपुंसकत्व बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींवर बंदी आली. तरी भिंतींवरच्या जाहिराती काही पुसल्या गेल्या नाहीत.

या मौनाची किंमत नुसती पैशांची नसते. लिंगाची रोहिणी हृदयाच्या रोहिणीपेक्षा अरुंद. त्यामुळे मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान, चरबी यांनी रक्तवाहिन्या खराब होऊ लागल्या की तक्रार पुष्कळदा आधी इथे उमटते, आणि हृदयविकार दोन-चार वर्षांनी डोके वर काढतो. म्हणजे ज्या लक्षणाची लाज वाटते, ते कित्येकदा हृदयाने आगाऊ धाडलेले पत्र असते. ते न वाचताच जो थेट यंत्राखाली जाऊन झोपतो, त्याची साखर, त्याचा रक्तदाब तपासायचा राहूनच जातो.

तेव्हा असा त्रास असेल तर आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना सांगावे, तपासण्या कराव्यात, तंबाखू सोडावी, चालायला लागावे. आणि कुणी लाटांचा उपचार सुचवलाच, तर तीन प्रश्न विचारावेत. माझा दोष रक्तवाहिन्यांचाच आहे हे कशावरून? हे यंत्र नेमके कोणत्या प्रकारचे? आणि गुण आला नाही तर पुढे काय? या प्रश्नांची सरळ उत्तरे देणारा डॉक्टर भेटला, तर अर्धे काम झाले म्हणायचे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)