किल्ली की नोंद? : डेटाबेसमधून कागदावर उतरणाऱ्या चौकोनाचा इतिहास

#थ्रेड #इतिहास

१/
किराणा दुकानाच्या गल्ल्यावर चिकटवलेला चौकोन आणि आधारपत्रावर छापलेला चौकोन दिसायला सख्खी भावंडे. दोहोंनाही क्यूआर कोड म्हणतात. गल्ल्यावरच्या चौकोनात दुकानदाराच्या खात्याचा केवळ पत्ता असतो. हिशेब दूरच्या डेटाबेसमध्ये राहतो. आधारवरच्या चौकोनात नाव, जन्मतारीख, पत्ता आणि लहानसे छायाचित्रही सामावलेले असते. पहिला चौकोन नोंदीची किल्ली आहे, दुसरा स्वतःच नोंद आहे. हा फरक कसा घडत गेला, त्याचा हा इतिहास.

२/
प्रारंभ १९४८ मधला. फिलाडेल्फियातील एका किराणा साखळीच्या प्रमुखाने ड्रेक्सेल इन्स्टिट्यूटच्या अधिष्ठात्यांकडे विचारणा केली : गल्ल्यावर मालाची माहिती आपोआप वाचता येईल का? हे संभाषण बर्नार्ड सिल्व्हर यांच्या कानी पडले. त्यांचे सहकारी नॉर्मन जोसेफ वुडलँड यांनी मायामीच्या किनाऱ्यावर वाळूत मोर्सचे ठिपके आणि रेघा काढल्या व बोटांनी त्या खाली ओढल्या. त्यातून जाड-बारीक उभ्या रेघांची कल्पना निघाली. १९५२ मध्ये दोघांना पेटंट मिळाले.

३/
रेघा वाचायच्या तर वाचलेल्या आकड्याचा अर्थ सांगणारे कोणीतरी हवे. १९७० मध्ये आयबीएमच्या एडगर कॉड यांनी संबंधाधिष्ठित डेटाबेसची मांडणी केली : माहिती तक्त्यांत ठेवावी आणि प्रत्येक ओळ एका प्राथमिक किल्लीने ओळखावी. २६ जून १९७४ रोजी ओहायोतील ट्रॉय येथे मार्श सुपरमार्केटच्या गल्ल्यावर रिग्लीच्या च्युइंगगमचे पाकीट वाचले गेले. त्यावरच्या संकेतात १२ आकडे होते, किंमत मात्र नव्हती. किंमत दुकानाच्या संगणकात होती.

४/
म्हणजे उभ्या रेघांचा बारकोड जन्मापासूनच किल्ली होता. कुलूप दुसरीकडे, ऐवजही दुसरीकडे. किंमत बदलली तर पाकिटे पुन्हा छापावी लागत नसत. तक्त्यातला एक आकडा बदलला की पुरे. या व्यवस्थेची अट एकच : वाचणारा आणि तक्ता यांच्यामध्ये तार जोडलेली हवी. तार तुटली की १२ आकड्यांना काही अर्थ उरत नसे.

५/
डेटाबेसमधून असा बारकोड छापणे मात्र सोपे होते. १९७४ मध्येच इंटरमेक कंपनीत डेव्हिड अ‍ॅले आणि रे स्टीव्हन्स यांनी ‘कोड ३९’ रचला. त्यात प्रत्येक अक्षराला नऊ पट्ट्या-फटींची स्वतःची आकृती असते, त्यांपैकी तीन रुंद. शेजारचे अक्षर बदलले तरी ही आकृती बदलत नाही. छापखान्यातल्या खिळ्यांसारखेच हे काम : अक्षरामागे एक खिळा, खिळे ओळीने लावले की मजकूर तयार.

६/
म्हणूनच वैयक्तिक संगणकांच्या काळात बारकोड हा चक्क एक फाँट झाला. मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस १९९२ मध्ये आले. अशा सॉफ्टवेअरच्या अहवालात मालाच्या क्रमांकाचा स्तंभ घ्यायचा, त्याच्या मागेपुढे आरंभ-अंताचे तारांकन जोडायचे आणि फाँट बदलायचा. एवढ्यावर हजारो लेबले छापता येत. गणित शून्य. कारकुनाला प्रोग्रामिंग येण्याची आवश्यकता नव्हती.

७/
अडचण निघाली ती लांबीची. रेघांच्या बारकोडमध्ये जितकी अक्षरे वाढतील तितकी पट्टी लांबते. शिवाय मालवाहू गाडीत, गोदामात किंवा महामार्गावर तारच नसेल तर किल्ली घेऊन करायचे काय? १९८७ मध्ये अ‍ॅले यांनीच ‘कोड ४९’मध्ये पट्ट्या एकावर एक रचल्या. १९९१ मध्ये सिंबल टेक्नॉलॉजीजने ‘पीडीएफ ४१७’ आणला. त्यातील पीडीएफ या अक्षरांचा अर्थच मुळी ‘सोबत नेता येणारी माहितीची फाइल’ असा होता.

८/
त्या एका ठशात सुमारे १,१०० बाइट मावत. अमेरिकेतील वाहन परवान्यांच्या पाठीवर तो छापला जाऊ लागला आणि रस्त्यात उभ्या असलेल्या पोलिसाला मुख्यालयाशी संपर्क न साधता परवानाधारकाचे नाव-पत्ता वाचता येऊ लागला. किल्लीऐवजी नोंदच कागदावर आली. डेटाबेसमधली एक ओळ प्रथमच घराबाहेर पडून स्वतःच्या पायांवर चालू लागली होती.

९/
याच सुमारास जपानमध्ये, टोयोटाला सुटे भाग पुरवणाऱ्या डेन्सो कंपनीत, कामगार वेगळ्याच त्रासात होते. ‘कानबान’ पद्धतीत प्रत्येक खोक्यासोबत चिठ्ठी फिरते. बारकोडमध्ये वीसेक अक्षरेच मावत असल्याने एका खोक्यावर दहा-दहा बारकोड लावावे लागत. काही कामगारांना दिवसाला हजारपर्यंत बारकोड वाचावे लागत. १९९२ मध्ये मासाहिरो हारा यांनी या प्रश्नावर काम सुरू केले. त्यांच्या गटात दोनच माणसे होती.

१०/
हारा यांना दुपारच्या सुट्टीत ‘गो’ हा पटावरचा खेळ खेळण्याची सवय होती. काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या त्या जाळीत त्यांना माहिती साठवण्याची जागा दिसली. पण चौकोन वेगाने वाचायचा तर यंत्राला तो आधी सापडला पाहिजे. त्यासाठी गटाने पत्रके, मासिके, खोकी असे छापील साहित्य तपासून काळ्या-पांढऱ्याचे सर्वांत विरळ प्रमाण शोधले : १:१:३:१:१. कोपऱ्यांतले तीन मोठे चौकोन त्या प्रमाणाचे आहेत.

११/
कारखान्यात तेल आणि काजळी लागणारच. त्यावरचा उपाय १९६० मध्येच गणितात तयार होता. एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेतील अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी दाखवले होते की, मूळ माहितीवरून काढलेले काही जादा आकडे सोबत पाठवले तर हरवलेला भाग पुन्हा उभा करता येतो. क्यूआर कोडमध्ये याच्या चार पायऱ्या आहेत. सर्वांत वरची सुमारे ३० टक्के हानी सोसते.

१२/
१९९४ मध्ये क्यूआर कोड जाहीर झाला. सर्वांत लहान आकृती २१ × २१ घरांची, सर्वांत मोठी १७७ × १७७ घरांची. मोठ्या आकृतीत ७,०८९ अंक किंवा २,९५३ बाइट मावतात. कंपनीने पेटंट जवळ ठेवले, पण प्रमाणित कोड वापरणाऱ्यांवर त्याचा हक्क बजावायचा नाही, असे धोरण स्वीकारले. २००० मध्ये तो आंतरराष्ट्रीय प्रमाण झाला. पुढे जगभर तो पसरला, त्यामागे या मोकळिकीचा वाटा मोठा आहे.

१३/
आता डेटाबेसवाल्यांची कसोटी लागली, कारण फाँटची युक्ती येथे चालेना. क्यूआरमध्ये ‘अ’ची आकृती अमुक, असे काही नसते. मजकुरातले एक अक्षर बदलले तरी दुरुस्तीसाठीचे जादा आकडे बदलतात. शिवाय काळे-पांढरे समतोल राहावे म्हणून आठ प्रकारचे मुखवटे आकृतीवर चढवून पाहिले जातात आणि सर्वांत कमी दोषांचा निवडला जातो. सुटा खिळा असा उरलाच नाही. प्रत्येक ओळीसाठी संपूर्ण पान नव्याने कोरावे लागते.

१४/
यातून तीन वाटा निघाल्या. पहिली : डेटाबेसच्याच प्रोग्रामिंग भाषेत सारे गणित करायचे आणि निकाल काळ्या-पांढऱ्या ठोकळ्यांच्या फाँटने मांडायचा. दुसरी : बाहेरच्या तयार लायब्ररीला मजकूर द्यायचा आणि मिळालेले चित्र अहवालात बसवायचे. तिसरी : केवळ मजकूर आणि आज्ञा लेबल प्रिंटरकडे पाठवायची, आकृतीचे गणित प्रिंटर स्वतः करतो. गोदामांत ही तिसरी वाट रुळली, तर पत्रे आणि बिले यांसाठी दुसरी.

१५/
चित्र काढणे हा निम्माच भाग. तक्त्यातल्या ओळीला स्तंभ असतात, चौकोनाला मात्र एकच सलग मजकूर कळतो. म्हणून ओळ सपाट करावी लागते : कोणता रकाना आधी, दोन रकान्यांमध्ये कोणते विरामचिन्ह, रिकाम्या रकान्याचे काय. लिहिणारा आणि वाचणारा यांच्यात हा करार पक्का नसेल तर चौकोन अचूक वाचला जातो आणि पत्त्याच्या जागी पिनकोड येतो. यंत्राला त्यात काहीच चुकलेले दिसत नाही.

१६/
लिपीचा प्रश्न याहून सूक्ष्म. जपानी निर्मात्यांनी कांजी अक्षरांसाठी खास पद्धत ठेवली. त्यात एक अक्षर १३ बिटांत मावते. देवनागरीसाठी तशी सोय नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘महाराष्ट्र’ या शब्दात काने आणि हलन्त धरून १० चिन्हे, म्हणजे ३० बाइट. हाच शब्द रोमन मोठ्या अक्षरांत लिहिला तर सुमारे ८ बाइटांत बसतो. मराठी पत्ता छापायचा तर चौकोन मोठा करावा लागतो, नाहीतर घरे बारीक.

१७/
आणि मग विश्वासाचा प्रश्न. किल्ली खोटी असेल तर कुलूप उघडत नाही. डेटाबेस ‘अशी नोंद नाही’ म्हणून सांगतो. परंतु नोंदच कागदावर असेल तर? चौकोन कोणालाही काढता येतो. हवे ते नाव आणि हवी ती जन्मतारीख घालून कोणीही तो छापू शकतो आणि यंत्र तो निमूटपणे वाचते. घराबाहेर पडलेल्या नोंदीला ओळखपत्राची गरज भासली. ते ओळखपत्र म्हणजे डिजिटल स्वाक्षरी.

१८/
येथे ही कथा महाराष्ट्रात येते. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. आधारची मूळ रचना किल्लीची : १२ आकडे, बाकी सारे केंद्रीय डेटाबेसमध्ये. ही किल्ली चालायला नेटवर्क लागते. डोंगराळ पाड्यांत नेमकी त्याचीच खात्री नसते. २०१८ मध्ये स्वाक्षरी केलेला, छायाचित्रासह असलेला सुरक्षित क्यूआर कोड आला, त्याचे महत्त्व यात आहे.

१९/
त्याची घडणही पाहण्यासारखी. नोंदीला आधी स्वाक्षरी जोडली जाते, मग सारे दाबून लहान केले जाते आणि ते सर्व बाइट मिळून एक अतिप्रचंड दशमान संख्या मानली जाते. कारण क्यूआर अंक फार काटकसरीने साठवतो : तीन अंकांना १० बिट. पूर्ण आधार क्रमांक त्यात नसतोच, शेवटचे चार अंक तेवढे असतात. तपासणाऱ्याने सार्वजनिक किल्लीने स्वाक्षरी पडताळली की नेटवर्कशिवायही नोंद खरी ठरते.

२०/
दुसरे उदाहरण व्यापारातले. १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटी रुपयांहून अधिक उलाढालीच्या उद्योगांना जीएसटी ई-बीजक लागू झाले. पुढे ही मर्यादा खाली येत गेली. बिलाची माहिती पोर्टलवर जाते, तेथे ६४ चिन्हांचा संदर्भ क्रमांक आणि स्वाक्षरी केलेला मजकूर मिळतो. हिशेबाच्या सॉफ्टवेअरने तो जसाच्या तसा जपायचा आणि बिलावर चौकोनाच्या रूपात उतरवायचा. लेखनिकाचे काम उरले, कर्त्याचे गेले.

२१/
या ‘जसाच्या तसा’त सारी मेख आहे. स्वाक्षरीचा मजकूर लांबलचक असतो. तो साठवणारा स्तंभ २५५ अक्षरांचा असेल आणि उरलेले शेपूट छाटले गेले, तर त्या तुकड्यापासूनही सुबक चौकोन तयार होतो. फोनवर तो वाचलाही जातो. स्वाक्षरी मात्र जुळत नाही. रीड-सॉलोमनचे गणित कागदावरचा डाग पुसते. छापण्यापूर्वी डेटाबेसमध्ये झालेली चूक ते निष्ठेने जपून ठेवते. वाचला गेलेला चौकोन आणि खरा चौकोन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२२/
नोंद कागदावर आणण्याची आणखी एक किंमत आहे. किल्ली नेहमी आजची माहिती दाखवते, छापलेली नोंद छापल्या दिवशीच थांबते. घर बदलले, आडनाव बदलले, तरी जुना चौकोन जुनाच पत्ता सांगत राहतो आणि त्याची स्वाक्षरीही खरीच निघते. उलट गल्ल्यावरच्या किल्लीवर कोणी दुसरा कागद चिकटवला, तर पैसे भलत्याच खात्यात जातात; म्हणून पैसे पाठवण्याआधी पडद्यावर उमटणारे नाव वाचायचे असते. जिचा दोष सोसता येईल ती रीत निवडायची, एवढेच हाती असते.

२३/
सिल्व्हर यांचे १९६३ मध्ये निधन झाले. ट्रॉयच्या गल्ल्यावरचा तो दिवस त्यांना दिसला नाही. वाळूतल्या रेघांना अर्थ देण्यासाठी एक दूरचा तक्ता लागत होता. आज हाताएवढ्या कागदावर संपूर्ण ओळ स्वाक्षरीसह मावते. तरीही एखाद्या कचेरीत आधारची छायाप्रत नुसती डोळ्यांनी पाहून धारिकेत लावली जाते, तेव्हा तो चौकोन बंदच राहतो. शेजारी छापलेले नाव कोणालाही बदलता येते. चौकोनातले बदलले की स्वाक्षरी तुटते. पण हे कळण्यासाठी कोणीतरी तो वाचावा लागतो.

(समाप्त)